पावणेतीन किलोमीटर

ढांगेसाहेबांचं खरं नाव कार्यालयाच्या हजेरीपुस्तकात होतं आणि ते तिथेच राहिलं. शाळाशाळांतून त्यांना ढांगेसाहेब म्हणत, कारण माणूस सहा फूट दोन इंच आणि त्यातले बरेचसे नुसते पाय. शाळेचं मैदान ते मोजक्या ढांगांत ओलांडत. फाटकाशी साहेब दिसले म्हणून शिपाई आत वर्दी द्यायला पळाला, तर तो पोचायच्या आत साहेब मुख्याध्यापकांच्या खोलीत खुर्ची ओढून बसलेले असत. एका नव्या मुख्याध्यापकांनी तर बिचाऱ्यांनी 'माननीय श्री. ढांगे' असं लिहून रीतसर पत्र पाठवलं. साहेबांनी ते लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवलं. विनोद त्यांना कळत असे, पण कचेरीच्या वेळात ते तो मनावर घेत नसत.

तीस वर्षं ते शाळा तपासनीस होते. फळा जमिनीपासून किती उंच, खिडकी कुठल्या अंगाला, किती मुलांमागे एक नळ, हजेरीपटावर खाडाखोड कितीदा, हे सगळं त्यांना तोंडपाठ. बाकावरून बोट फिरवून धूळ दाखवणाऱ्यांपैकी ते नव्हते. ते वाकून बाकाचे खिळे बघत. खिळा वर आला की मुलांचे कपडे फाटतात आणि घरी जाऊन बोलणी मुलांनाच बसतात, एवढं त्यांना समजत होतं, आणि त्या एका खिळ्यापायी ते मुख्याध्यापकाला घाम फोडत. कुणी तोंडी काही सांगू लागलं की त्यांचं ठरलेलं वाक्य, "लेखी काय आहे?" लेखी नसलं तर ती गोष्ट घडलीच नाही. चहाच्या एका कपापलीकडे त्यांनी कुठल्या शाळेत काही घेतलं नाही. इतक्या सरळ माणसाने आयुष्यात एकदाच खोटं लिहावं आणि नेमकं तेच छापून सगळीकडे जावं, याला काय म्हणायचं?

ते असं झालं. नोकरीला दोन वर्षं झाली होती आणि लग्नाला सात महिने. कार्यालयात नवी नियमावली लिहायचं काम निघालं होतं, आणि तिच्यात एक कलम होतं की लहान मुलाला शाळा अर्ध्या तासाच्या चालीत मिळाली पाहिजे. वाचायला छान. पण अर्धा तास म्हणजे किलोमीटर किती? कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी टेबलाभोवती नजर फिरवली आणि सगळ्यांत लांब पायांवर ती थांबली.

"तू जा," ते म्हणाले. "पाच शाळा, पाच दिवस. पहिलीतली दहा-दहा मुलं घे, त्यांच्याबरोबर चाल, आणि अर्ध्या तासात किती अंतर होतं ते घेऊन ये."

सोबत मोजणीचं चाक दिलं. लांब दांडा, खाली चाक, ढकलत न्यायचं, दर मीटरला टक्क वाजायचं.

पहिल्या दिवशी ते अगदी प्रामाणिकपणे चालले. दहा मुलं, एक चाक आणि एक साहेब. शंभर पावलांवर एकीच्या बुटाचा बंद सुटला. तो बांधून होतो न होतो तोच दोघांची जुंपली. एकाला मुंग्यांची रांग दिसली, आणि ती कुठे जाते ते बघितल्याशिवाय तो जागचा हलेना. एकाला शू लागली, ते ऐकून आणखी चौघांना लागली. आणि ते चाक! ते टक्क वाजतं हे कळल्यावर प्रत्येकाला ढकलून बघायचं होतं. "साहेब, आता माझी पाळी." "साहेब, त्याने दोनदा घेतलं." अर्धा तास झाला तेव्हा चाकावर आकडा होता एक हजार दोनशे चाळीस. म्हणजे सव्वा किलोमीटरही पुरतं नाही. साहेब घामाघूम झाले होते आणि मनातून संतापले होते. हे काय माप झालं? मुलं चालली कुठे, ती तर खेळली! माप बिघडलं असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि तो कागद फाडून टाकला. लहान मूल शाळेला जातं तेव्हा रोज असंच जातं, हे त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. तिशीतला माणूस, घरात अजून मूल नाही, कुठून शिरणार?

त्यातून विश्रामगृहाच्या गादीत ढेकूण होते. घरी नवी बायको होती. आणि गुरुवारी दुपारची बस पकडली, तर शुक्रवार, शनिवार, रविवार पदरात पडत होते. उरलेल्या चार शाळांचे रस्ते त्यांनी दोन दिवसांत एकट्याने चालून टाकले. प्रत्येक ठिकाणी अर्ध्या तासात तीन किलोमीटर. मग विश्रामगृहाच्या डुगडुगणाऱ्या टेबलावर बसून, मुलं आपल्यापेक्षा लहान असतात याची जाणीव ठेवून, त्यांनी पाव किलोमीटर कमी केला. राहिले पावणेतीन. शेवटच्या रकान्याच्या डोक्यावर 'सहभागी बालके' असं छापलेलं होतं. तिथे त्यांनी पाच वेळा 'दहा' लिहिलं आणि खाली सही केली.

मोठे साहेब खूश झाले. "बघा, याला म्हणतात काम," असं ते चार माणसांत म्हणाले. दोन वर्षांनी बढती मिळाली तेव्हाही त्याच कामाचा उल्लेख झाला. साहेबांना थोडं अवघडल्यासारखं झालं, पण अवघडलेपणावर बढती हा फार गुणकारी उपाय आहे.

पुढचं त्यांनी मुद्दाम केलं नाही, एवढं त्यांच्या बाजूने म्हणता येईल. नियमावली दोनदा बदलली. मुलाला शाळा जवळ असावी म्हणून काढलेला आकडा काही वर्षांनी शाळा बंद करायच्या कामी आला. पट वीसच्या खाली गेला आणि पावणेतीन किलोमीटरच्या आत दुसरी शाळा असली, की पहिली बंद करायची आणि मुलं दुसरीत पाठवायची. कलम सतरा. बंदच्या छापील आदेशाखाली एक ओळ असे : 'प्रत्यक्ष मोजणीनुसार पहिलीतील बालक हे अंतर अर्ध्या तासात सहज पार करते.' त्यातला 'सहज' कुणी घातला ते साहेबांना कधीच कळलं नाही. तो त्यांचा नव्हता.

हाच छापील कागद घेऊन एका संध्याकाळी त्यांची थोरली बहीण त्यांच्या घरी आली. ताई साहेबांपेक्षा पाच वर्षांनी मोठी. साहेब गणितात कसेबसे तरले ते ताईच्या शिकवणीमुळे. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ती त्यांना पाढे घोटून घ्यायची आणि चुकले की कान पिळायची. पुढे तीही शिक्षिका झाली. दोन खोल्यांची शाळा, चौदा मुलं आणि ताई. शिपाई तीच, मुख्याध्यापिका तीच, घंटाही तीच वाजवायची.

"दोन किलोमीटर सहाशे मीटर," ताई म्हणाली. "दीडशे मीटरने गेली बघ माझी शाळा. हा आकडा कुठून आला रे?"

बायको आत चहा गाळत होती. साहेबांनी कागद हातात घेतला, उलटा करून बघितला, मागची बाजू कोरी होती.

"वरून आलाय," ते म्हणाले.

"म्हणजे मोजलंय कुणीतरी?"

"मोजलंय."

"नीट?"

"ताई, छापलंय ना त्यात."

ताईचा भावावर आणि छापील कागदावर सारखाच विश्वास होता. तिने चहा घेतला, कागदाची घडी केली आणि ती गेली. तिची बदली त्या दुसऱ्या मोठ्या शाळेत झाली, आणि पुढची दोन वर्षं ती रोज सकाळी त्या मुलांना गोळा करून आपल्याबरोबर पायी तिकडे नेत असे. नंतर मुलं पांगली आणि ताईचे गुडघे कामातून गेले.

साहेबांनी त्यानंतर काय केलं? काही नाही. मूग गिळून बसले. ती मोठी शाळा तपासणीच्या यादीत त्यांच्या वाट्याला आली की ते काहीतरी सबब काढून दुसऱ्याशी अदलाबदल करत. दर रविवारी ताईकडे जात, जेवत, तिच्या दुखण्याची चौकशी करत. कधी अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या मनात यायचं की पावाऐवजी अर्धा किलोमीटर कमी केला असता, तर आकडा अडीच झाला असता आणि ताईची शाळा वाचली असती. अर्धाच तर कमी करायचा होता. एका टेबलापाशी, एका पेनाने. बायकोलाही त्यांनी हे कधी सांगितलं नाही. सांगायचं म्हटलं की एवढी वर्षं का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार, या विचाराने आणखी एक वर्ष जायचं.

निवृत्तीला तीन आठवडे राहिले तेव्हा सगळ्या तपासनीसांची बैठक लागली. दोन दिवस, एकतीस माणसं, विषय 'शैक्षणिक मानके व नियम यांचे पुनर्विलोकन'. लांबच्या लांब टेबल, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली, कोरी वही आणि न उमटणारं पेन. बैठकीचे अध्यक्ष मुख्य तपासनीस होते. वीस वर्षांपूर्वी ते साहेबांच्या हाताखाली उमेदवारी करत होते, म्हणून अजूनही त्यांना 'सर' म्हणत.

पहिला दिवस फळ्याच्या उंचीत गेला. फळा खालून सत्तर सेंटिमीटर असावा की पंचाहत्तर, यावर दोन ज्येष्ठ तपासनीस असे हमरीतुमरीवर आले की तिसऱ्याने दोघांना पाणी पाजलं. मग नळ. मग खिडक्या डाव्या अंगाला असाव्यात, कारण मूल उजव्या हाताने लिहितं, यावर एक डावखुरे तपासनीस उठले आणि अर्धा तास बसलेच नाहीत. एरवी अशा चर्चांत ढांगेसाहेबांना रंग चढायचा. या वेळी ते गप्प होते. विषयपत्रिकेवर शेवटचा विषय कलम सतरा होता, आणि त्याला जोडलेली एक यादी. एक्केचाळीस शाळा. कलम आहे तसं मंजूर झालं की वर्षअखेर त्या बंद होणार होत्या आणि आकडा आणखी दहा वर्षांसाठी पक्का होणार होता.

सवयीने त्यांनी अंतराच्या रकान्यावरून बोट फिरवलं. दोन पूर्णांक चार. दोन पूर्णांक पंचावन्न. दोन पूर्णांक सात. दोन पूर्णांक सहा. ताईच्या शाळेइतकंच. तिथे बोट थांबलं. त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. बायकोने विचारलं, "बरं नाही का?" ते म्हणाले, "बैठकीतल्या खुर्च्या वाईट आहेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी कलम सतराचा नंबर लागला. सगळ्यांना घरी जायची घाई होती. अध्यक्षांनी कागद बाजूला ठेवला आणि चेहरा प्रसन्न केला.

"यावर चर्चा नको असं मला वाटतं," ते म्हणाले. "आपल्यातच बोलतोय म्हणून सांगतो, आपल्या नियमावलीत खिडकीचं माप कुठूनतरी उचललेलं आहे, नळांचा आकडा तर कुणीतरी हवेतून पकडलाय. पण हा एक आकडा असा आहे की तो काढायला माणूस स्वतः चालला. पन्नास मुलांबरोबर चालला. आणि तो माणूस इथे बसलाय, तीन आठवड्यांनी आपल्याला सोडून जातोय." टाळ्या पडल्या. "तेव्हा कलम जसंच्या तसं दहा वर्षं कायम करू, आणि यापुढे नव्या तपासनीसांना प्रशिक्षणात सरांची पद्धत शिकवू. सर, दोन शब्द बोला."

शेवटच्या खुर्चीवर गेल्याच वर्षी लागलेली एक तरुण तपासनीस बसली होती. तिने स्वतःच्या पर्समधून चालणारं पेन काढलं आणि वही उघडली.

"सर, आधी एक विचारू?" ती म्हणाली. "दहा मुलांना तुम्ही रांगेत कसं ठेवलंत? मी परवा चौघांना घेऊन नुसतं मैदान ओलांडत होते, पंधरा मिनिटं गेली. तुम्ही काय केलं ते सांगा ना, मला खरंच उपयोग होईल."

लोक हसले. ती हसली नाही, ती पेन टेकवून वाट बघत होती. ढांगेसाहेब उठले. आभाराची चार वाक्यं त्यांनी सकाळी पाठ केली होती. त्यातलं एकही आठवेना.

"मी चाललो नाही," ते म्हणाले.

"काय, सर?"

"मुलांबरोबर एकच दिवस चाललो. सव्वा किलोमीटरही झालं नाही. मला वाटलं माप बिघडलं, म्हणून कागद फाडला. बाकी चार ठिकाणी एकटा चाललो. हे पाय घेऊन."

दोघातिघांना ही गंमत वाटली. निरोपाच्या वेळी माणूस थोडी थट्टा करतो, तशी. अध्यक्षही हसत म्हणाले, "सर नम्रपणाने बोलतायत."

"नम्रपणा नाही," साहेब म्हणाले. "खोटी सही केली मी. पाच वेळा दहा लिहिलं आणि खाली सही केली."

आता कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी माइकवर हात ठेवला. साहेबांकडूनच उचललेलं वाक्य आता त्यांनी साहेबांनाच ऐकवलं.

"लेखी काही आहे का याचं?"

"तेच फाडलं म्हणतोय ना मी!"

अध्यक्षांनी चहाची सुट्टी जाहीर केली, वेळ झालेली नसतानाही. मग साहेबांना दंडाला धरून बाहेर जिन्यापाशी नेलं. तिथे त्यांचा आवाज एकदम बदलला.

"सर, हे काय काढलंत मध्येच? तीन आठवडे राहिलेत तुमचे. चौकशी लागेल, माझाही इलाज चालणार नाही. आणि दोनशे सतरा शाळा बंद केल्यात आपण या कलमाखाली. त्यांना आता मी काय सांगू, माणूस बस पकडायच्या घाईत होता?"

"दोनशे सतरा?" साहेबांनी विचारलं.

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

त्यांना माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी तो आकडा कधी विचारला नव्हता. त्यांच्या लेखी एकच शाळा बंद झाली होती, दोन खोल्यांची. बाकीच्या दोनशे सोळांत कोण ताई होती, तिला कुणाच्या तोंडून 'वरून आलाय' ऐकावं लागलं, हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं. माणसाची खंतसुद्धा किती आपल्या घरापुरती असते!  आपण फार मोठ्या पश्चात्तापात आहोत असं साहेबांना आजवर वाटत होतं, आणि आता त्याचीच लाज वाटली.

चहानंतर लिपिकाने इतिवृत्ताचा मसुदा वाचून दाखवला. "कलम सतराबाबत एका ज्येष्ठ सदस्यांनी आपल्या भावना व्यक्त केल्या. सभेने त्यांची नोंद घेऊन कलम कायम केले." लिपिक बिचारा सांगितलेलं लिहिणारा माणूस. साहेबांनी त्याच्यापुढचा कागद ओढला, ते वाक्य आडवी रेघ मारून खोडलं आणि खाली लिहिलं, 'हा आकडा मी मुलांबरोबर न चालता लिहिला. तो खोटा आहे.' मग सही केली, तारीख घातली आणि कागद अध्यक्षांपुढे सरकवला.

"आता लेखी आहे," ते म्हणाले.

अध्यक्षांनी तो कागद दोनदा वाचला. शेवटच्या खुर्चीवरून ती तरुण तपासनीस म्हणाली, "मग मी चालते की. पाच शाळा, पाच दिवस. आणि सरांनी पहिल्या दिवशी केलं तसंच करते."

बरीच चुळबुळ झाली. पण खोटा म्हणून सही केलेला आकडा दहा वर्षांसाठी कायम करायला एकतीस जणांत कुणी हात वर करेना. अध्यक्षांनी आंबट तोंडाने विषय पुढे ढकलला आणि एक्केचाळीस शाळांची यादी मोजणी होईपर्यंत परत घेतली. जाताना त्यांनी साहेबांकडे बघितलं नाही. डावखुरे तपासनीस तेवढे येऊन खांद्यावर थोपटून गेले.

साहेब तिथून थेट ताईकडे गेले. रविवार नव्हता. ताई मुलाकडे तिसऱ्या मजल्यावर राहायची, आणि तिच्या घरचे जिने ते दोन-दोन पायऱ्या करत चढले. बऱ्याच वर्षांनी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. ताई रागावेल, चार शब्द बोलेल, कदाचित कानही पिळेल. पिळू दे. मग म्हणेल, उशिरा का होईना बोललास. असं सगळं त्यांनी वाटेत मनाशी बसवून टाकलं होतं.

ताई खिडकीपाशी पाय लांब करून मटार सोलत बसली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"आज कसा काय?" ती म्हणाली. "चहा ठेवू?"

"बस तू. ताई, तो पावणेतीनचा आकडा मी काढला होता."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. चाक, मुंग्या, फाडलेला कागद, ढेकूण, बस. काही गाळलं नाही. ताईचे हात चालू होते, ते हळूहळू थांबले.

"मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. "नीट मोजलंय का म्हणून."

"हो."

"आणि तू चहा पीत बसला होतास."

"हो."

मग साहेबांनी बैठकीतलं सांगितलं. सगळ्यांसमोर बोललो, लिहून दिलं, एक्केचाळीस शाळा थांबल्या. शेवटचं सांगताना त्यांचा आवाज नकळत चढला, प्रगतिपुस्तक दाखवायला आलेल्या मुलासारखा.

"चांगलं केलंस," ताई म्हणाली. पण तिने मान वर केली नाही. "शाळेचं काही नाही रे. चौदा तर पोरं होती. आज ना उद्या ती गेलीच असती."

साहेबांना हायसं वाटलं. पण ताईचं बोलणं संपलं नव्हतं.

"एक मुलगी होती माझ्याकडे. पहिलीतली. रोज निम्म्या वाटेत खाली बसायची. म्हणायची, बाई, पाय दुखतात. रोज उशीर. तिकडे फाटक बंद, आणि चौदा पोरं घेऊन मी बाहेर उभी. मुख्याध्यापक सगळ्यांसमोर विचारायचे, अर्ध्या तासाची वाट, तुम्हालाच सव्वा तास कसा लागतो? मी घरी येऊन तो कागद परत परत वाचायची. सहज पार करते. मग मला वाटायला लागलं, बाकीची पोरं सहज चालतात, माझीच तेवढी आळशी. मीच लाडावून ठेवलीत."

ती एका शेंगेशी उगाच चाळा करत राहिली.

"एक दिवस ती अशीच बसली. मी तिला उठवून दोन थोबाडीत दिल्या, आणि शाळेपर्यंत दंड धरून ओढत नेलं. म्हटलं, मोजलंय सरकारने, तुझे पाय काही वेगळे नाहीत. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. परत आलीच नाही. मी तीनदा तिच्या घरी गेले. माझा आवाज ऐकला की ती आतून कडी लावायची. आजवर मी स्वतःला सांगत होते, मारलं ते चुकलं माझं, पण ती होतीच आळशी. तेवढाच आधार होता रे मला."

"ताई, तो दोष माझा आहे," साहेब घाईघाईने म्हणाले. "तुझा नाही. तुला काय माहीत होतं?"

ताईने पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघितलं. रागाने नाही.

"हात माझा होता," ती म्हणाली. "तो तुझ्या नावावर लिहिता आला असता, तर आज मला किती बरं वाटलं असतं."